‘वीस टनी’ पोकलेन कराडहून चिपळूणला नेताना: एका वाहतुकीचा प्रकरण अभ्यास

२२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूण बुडालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली आणि घाटमाथ्यावरची बरीच मशीन कोकणात उतरू लागली. त्यांतलं एक आमच्या ताब्यातलं होतं. आमचा व्यवसाय छोटा: दोन पोकलेन, एक जेसीबी, दोन डंपर. मशीन एका कामावरून दुसऱ्या कामावर हलवणं माझ्याकडे असतं. शिफ्टिंगची अशी पंधरा-वीस कामं मी केली होती, पण कागद-पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत हिशेब केला तो या वेळी पहिल्यांदा. तो हिशेब जसा झाला तसा इथे मांडतो, त्यात राहून गेलेल्या गोष्टीसह.

मशीन कराडजवळच्या एका खडी क्रशरच्या आवारात उभं होतं. नाल्याचं काम संपल्यावर आम्ही ते तिथे लावलं होतं. जायचं होतं पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण असं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६६ई ने. अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. अंतर काहीच नाही, सगळा प्रश्न घाटाचा.

ट्रेलरवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, “कुठलं मशीन?” मी म्हटलं, “वीस टनी पोकलेन.” तो म्हणाला, “आवो, पस्तीस टन पासिंगचा ट्रेलर हाय माझा. वीस टनाला काय हुतंय? अठ्ठावीस हजार द्या, उद्या रात्री काढू.”

या एका संभाषणात तीन चुका होत्या आणि पहिली माझी होती.

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे ते चेनवर चालणाऱ्या प्रत्येक खोदाई यंत्राला चिकटलं. ‘वीस टनी’ हेही तसंच टोपणनाव आहे. या वर्गातलं साधं मशीन साधारण वीस-एकवीस टनांचं असतं आणि त्या वजनात ऑपरेटर, भरलेली टाकी आणि साधी बकेट धरलेली असते. आमचं मशीन साधं नव्हतं. नदीच्या काठावर उभं राहून पात्रातला गाळ ओढायचा, म्हणून त्याला लाँग बूम, म्हणजे नेहमीपेक्षा लांब हात, बसवलेला होता. काठची जमीन मऊ, त्यात मशीन रुतू नये म्हणून चेनचे शू, म्हणजे जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्या, ६०० ऐवजी ८०० मिलिमीटर रुंदीचे होते. हे मला ठाऊक होतं, रोज डोळ्यांसमोर होतं. तरी फोनवर तोंडातून ‘वीस टनी’च निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन क्रशरवर गेलो. मशीनच्या कागदांत वजन २३.२ टन होतं. रुंदीसाठी टेपची खरं तर गरज नसते: दोन चेनच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यात एका शूची रुंदी मिळवायची. आमच्या मशीनचं मध्य ते मध्य अंतर २.३९ मीटर. साधे शू असते तर २.९९ मीटर झाली असती. ८०० चे शू म्हणून ३.१९. टेपनेही तेवढीच दाखवली. बूम आणि आर्म पूर्ण मिटवून, काउंटरवेटच्या (मशीनच्या पाठीमागच्या वजनी ठोकळ्याच्या) पाठीपासून बूमच्या कोपरापर्यंत १२.६ मीटर. मिटलेल्या बूमचा सर्वांत उंच बिंदू जमिनीपासून ३.१४ मीटर.

आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३. म्हणजे लाँग बूम सोडा, साधं वीस टनी पोकलेनसुद्धा ट्रेलरवर चढलं की रुंदीच्या मर्यादेबाहेर जातं आणि त्याला ओडीसी, म्हणजे मर्यादेबाहेरच्या आकाराच्या मालाची परवानगी लागते. वर्षानुवर्षं मशीन रात्री गुपचूप नेली जातात म्हणून ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. ‘उद्या रात्री काढू’ यातला ‘रात्री’ हा शब्द त्यासाठीच होता. ही दुसरी चूक.

तिसरी चूक पासिंगची, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाची. ट्रेलरवाल्याच्या आरसी बुकात ३५,२०० किलो लिहिलेले होते. चार अ‍ॅक्सलच्या जुन्या जोडीचा (घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, आणि ट्रेलर) हा ठरलेला आकडा: घोड्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलला ६ टन, मागच्याला १०.२, ट्रेलरच्या जोड-अ‍ॅक्सलला १९. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलच्या मर्यादा वाढवल्या. पुढचा ७, चार टायरचा एकेरी ११.५, जोड २१ आणि तिहेरी २७ टन झाला. त्या हिशेबाने अशा जोडीला ३९.५ टन मिळतात, पण त्याच्या आरसीवर जुनाच आकडा होता आणि रस्त्यावर अधिकारी आरसी बघतो. शिवाय ३५.२ टन म्हणजे घोडा, ट्रेलर आणि माल या तिघांचं मिळून वजन. माल किती चढेल हे त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावरच कळतं. काट्याची जुनी पावती मागितली. रिकामी जोडी १५,४०० किलो. उरले १९,८००.

आमचं मशीन २३,२००. म्हणजे जवळपास साडेतीन टन जादा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर असेल तर त्याचे वेगळे २०,०००. काट्यावर जायला ड्रायव्हरने नकार दिला तर ४०,०००. पण माझी खरी काळजी दंडाची नव्हती. कायदा म्हणतो, जादा माल उतरवा, मगच गाडी हलेल. वाळू असती तर दोन ब्रास खाली ओतली असती. पोकलेनमधले साडेतीन टन कसे उतरवणार? आणि पोलीस, आरटीओ बाजूला ठेवू. कुंभार्लीच्या उतारावर ३५.२ टनांच्या हिशेबाने बनवलेल्या ब्रेकवर त्याहून जास्त ओझं घेऊन माणूस बसवायचा, हे मला पटत नव्हतं. काही झालं असतं तर विमा कंपनीने जादा वजनावर बोट ठेवलं असतं, तेही खरं.

मी ट्रेलरवाल्याला नको सांगितलं. तो चिडला नाही. “बाकीचे सगळे नेत्यात,” एवढंच म्हणाला.

शेठना दुसरी जोडी घ्यावी लागेल असं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा होता, आणि तो रास्त होता. तीन अ‍ॅक्सलचा घोडा, मागे तिहेरी अ‍ॅक्सलचा लो-बेड, म्हणजे बुटक्या बेडचा ट्रेलर, पासिंग ४९ टन, भाडं ४६,०००. अठरा हजारांचा फरक. मी त्यांच्यासमोर पहिल्या गाडीचा हिशेब ठेवला. ते आकड्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “घे. पण परवानगीसकट नीट ने.”

या गाडीचे ड्रायव्हर वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी परवानगीचा अर्ज भरायला घेतला होता. मामांनी विचारलं, “लांबी किती टाकताय?” मी गाडीची लांबी आणि बूम किती मागे येईल याचा अंदाज सांगितला. मामा म्हणाले, “अंदाज नगो. क्रशरमदी काटा हाय, आवारातच हाय. आधी चढवू, काटा करू, टेप लावू. मग अर्ज.” त्या सल्ल्याचं मोल मला दोन तासांनी कळलं.

रिकामी जोडी काट्यावर घेतली: २०,७२० किलो. मग मशीन चढवलं. बूम मागच्या बाजूला, काउंटरवेट ट्रेलरच्या मानेवर (घोड्याला जोडणाऱ्या पुढच्या उंच भागावर) आलेलं, चेनची पुढची टोकं मानेला जवळजवळ टेकलेली. असं पुढे सरकवून चढवलं कारण बूम मागे कमीत कमी यावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. मागे २.४ मीटर आला. पूर्ण गाडी काट्यावर घेतली: ४४,३६०. म्हणजे मशीन २३,६४० किलो. कागदावरच्या आकड्यापेक्षा ४४० किलो जास्त, आणि त्यातला बराचसा चेनमध्ये वाळून बसलेला नाल्याचा चिखल होता. ४९ टनांच्या पासिंगमध्ये साडेचार टनांहून जास्त शिल्लक. मी समाधानाने वही मिटली.

मामांनी ती परत उघडायला लावली. गाडी काट्यावरून थोडी थोडी पुढे-मागे घेऊन त्यांनी अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं काढलं: आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण घोडा, मग सगळं. पुढचा अ‍ॅक्सल ५,६५०. ट्रेलरचा तिहेरी १८,६१०, मर्यादा २४,०००. आणि घोड्याचा जोड-अ‍ॅक्सल २०,१००. या गाडीच्या आरसीप्रमाणे तिथे मर्यादा होती १९,०००.

एकूण वजन मर्यादेच्या खूप आत आणि तरी एका ठिकाणी अकराशे किलो जादा. हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. रस्ता एकूण वजनाने दबत नाही, प्रत्येक अ‍ॅक्सलखाली दबतो. टायरही तसेच फुटतात, एकेका जागी.

उपाय सोपा, मशीन मागे सरकवायचं. किती, हे मोजून काढता येतं. घोडा ट्रेलरला जिथे जोडतो त्या पिनपासून तिहेरी अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ९.४ मीटर होते. मशीन जितकं मागे जाईल, त्याला ९.४ ने भागायचं आणि २३.६४ टनांनी गुणायचं. तेवढं वजन घोड्यावरून ट्रेलरच्या चाकांवर जातं. ६० सेंटिमीटर मागे घेतलं तर साधारण दीड टन. तसं घेतलं. परत काटा: पुढचा ५,६००, जोड १८,५६०, तिहेरी २०,२००. तिन्ही आत. लोखंडी बेडवर चेनच्या टोकांशी पांढऱ्या ऑइलपेंटने खूण केली.

पण आता बूम मागे ३ मीटर आला. गाडीची पूर्ण लांबी १९.१ मीटर झाली. वजन म्हणत होतं मागे या, लांबी म्हणत होती पुढे जा. आम्ही वजनाचं ऐकलं, कारण जादा लांबी परवानगीत लिहिता येते आणि तिच्यासाठी रस्त्यावर माणूस उभा करता येतो. जादा दाबलेल्या अ‍ॅक्सलला घाटात कोणी मदत करू शकत नाही. मी आधीचा अर्ज तसाच पाठवला असता तर कागदावर साडेअठरा मीटर आणि रस्त्यावर १९.१ अशी गत झाली असती. चुकीच्या मापांची परवानगी तपासणीला थांबवल्यावर काहीच कामाची नसते.

उंची: बेड जमिनीपासून १.०४ मीटर, मशीन ३.१४, मिळून ४.१८. विजेवरच्या रेल्वे मार्गाच्या फाटकाला जी आडवी उंचीपट्टी असते ती ४.६७ मीटरवर असते, तिच्याखालून आम्ही जाऊ शकलो असतो. मला धास्ती होती गावांतल्या तारांची. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारा नियमाप्रमाणे ५.८ मीटरवर हव्यात, पण खांब कलले की झोळ किती खाली येतो हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. मोटरसायकलवरून सगळा रस्ता पाहून आलो. दोन ठिकाणी शंका आली. दोन्ही मुख्य रस्त्यावर नव्हत्या, चिपळूणच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होत्या. तिथल्या वायरमनशी आधी बोलून ठेवलं. तारेला स्वतः काठी लावायची नाही, बांबूचीसुद्धा, हे पोरांना दोनदा बजावलं.

आकाराचा त्रास वजनाहून मोठा असू शकतो याचं एक ठळक उदाहरण मला त्या दिवसांत सारखं आठवत होतं. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक मोठं ऑटोक्लेव्ह ८ जुलै २०१९ ला महाराष्ट्रातून निघालं आणि जुलै २०२० मध्ये पोहोचलं. वजन ७० टन, तसं फार नाही. पण उंची साडेसात मीटर. ७४ चाकांच्या गाडीपुढे तारा काढत, झाडं छाटत, रस्ता दुरुस्त करत एक वर्ष गेलं. मध्ये टाळेबंदीही आली.

परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर मागितली. गाडीचे क्रमांक, अ‍ॅक्सलची रचना, मापं, वजन, मार्ग. ती हातात आल्यावर निघायचा दिवस ठरला. दिवसा प्रवास, पुढे पायलट गाडी, चारही कोपऱ्यांना लाल झेंडे, बूमच्या टोकाला लाल दिवा. चेनला चार बाजूंनी साखळ्या, बूमला वेगळी साखळी, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक. बकेट काढून मागच्या पिकअपमध्ये ठेवली. बेडच्या बाहेर दोन्ही बाजूंना साडेनऊ-साडेनऊ सेंटिमीटर शू येत होते, तिथे पिवळा-काळा पट्टा चिकटवला.

सकाळी साडेसातला निघालो आणि पावणेआठला अडकलो. तेही क्रशरच्या आवारातून बाहेर पडताना.

आवाराचा कच्चा रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो तिथे एक मोरी आहे. डंपर रोज तिच्यावरून जातात, कोणाला ती जाणवत नाही. घोडा मोरीवर चढून पलीकडे उतरला आणि लो-बेडचं पोट मोरीच्या कठड्यालगतच्या उंचवट्यावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही रुंदी मोजली, लांबी मोजली, उंची मोजली, प्रत्येक अ‍ॅक्सल तोलला. गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर मात्र मोजलं नव्हतं. चाचणी सगळी आवारात झाली आणि आवाराची जमीन सपाट.

मामा खाली उतरले, वाकून पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता साखळ्या सोडायला लागले. मशीन मागच्या मागे उतरवलं. बेड हलका होताच थोडा वर आला, घोड्याने ट्रेलर मागे घेतला. मग मामांनी डिकीतून गवंड्याची दोरी काढली. चढाच्या एका अंगाला एक काठी, दुसऱ्या अंगाला तेवढ्याच उंचीची दुसरी, मध्ये अंतर घोड्याच्या मागच्या चाकांपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचं. दोरी ताणली आणि उंचवट्यापाशी ती जमिनीपासून किती वर राहते ते मोजलं. काठ्यांच्या उंचीतून ते वजा केलं: जमीन ३४ सेंटिमीटर वर येत होती. भरलेल्या बेडचं पोट जमिनीपासून २७ सेंटिमीटर. दोन मिनिटांचं काम. आदल्या दिवशी केलं असतं तर चार तास वाचले असते, आणि ही चूक मी मनापासून माझी मानतो. मामांच्या गाडीत दोरी होती, पण रस्ता पाहायला मी गेलो होतो.

क्रशरवाल्यांनी माणुसकी दाखवली. दोन डंपर मुरूम दिला, त्यांचाच लोडर लावून मोरीच्या अलीकडे-पलीकडे चढ लांबवून घेतला, पाणी मारून डंपरनेच दाबला. परत दोरी: १९ सेंटिमीटर. मशीन पुन्हा चढवलं, पांढऱ्या खुणांना चेन लावली, साखळ्या आवळल्या. बाहेर पडलो तेव्हा बारा वाजायला आले होते. उसाच्या जोड-ट्रॉल्यांचा हंगाम. पाटणपर्यंत त्यांच्यामागून रांगत गेलो. अंधारात घाट उतरायचा नव्हता, परवानगीतही ते बसत नव्हतं. कोयनानगरच्या अलीकडे मोकळी जागा बघून मुक्काम केला.

घाट दुसऱ्या दिवशी सकाळी. मागे तीन मीटर बाहेर आलेला बूम वळणावर काय करतो हे ड्रायव्हरला आरशात पूर्ण दिसत नाही. घोडा डावीकडे वळला की बूमचं टोक उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला झुकतं. आमच्या बूमचं कोपर कारच्या टपाच्या वरून गेलं असतं, पण एसटीच्या काचेच्या नेमक्या उंचीवर होतं. म्हणून प्रत्येक आवळ वळणाआधी क्लीनर उतरून पुढे जायचा, वरून-खालून येणाऱ्या गाड्या थांबवायचा, मी मागे चालत टोकावर नजर ठेवायचो. एका वळणावर एसटीचा चालक स्वतः खाली उतरला, बूम पाहिला आणि आपली गाडी आपणच पन्नास फूट मागे घेतली. गाडी पूर्ण उतार खालच्या गिअरमध्ये. मामांनी तीनदा थांबून ड्रम थंड होऊ दिले. घाट संपायला पावणेदोन तास लागले.

पोफळीनंतर वाट सोपी. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर वायरमन येऊन थांबला होता. दोन्ही ठिकाणी वीज बंद करून तारा वर उचलून धरल्या आणि गाडी खालून काढली.

उतरवण्याआधी मामांनी चिपळूणमध्ये एका काट्यावर गाडी घेतली. कोणी मागितलं नव्हतं. ४४,५८०. निघतानापेक्षा २२० किलो जास्त. डिझेल तर उलट जळून कमी झालं होतं. मशीन रॅम्पवरून उतरू लागलं तशी चेनमधून लालसर मुरमाची ढेकळं पडायला लागली, मोरीवर दुसऱ्यांदा चढवताना अडकलेली. मी वहीत आकडा लिहिला आणि खाली पोट, २७ सेंमी, दोरी, एवढंच लिहून ती मशीनच्या केबिनमध्ये सीटमागच्या कप्प्यात ठेवली. परतीला हेच मशीन कोणीतरी दुसरा चढवणार होता.